चॅनल सोळा

आजोबा तलाठी होते.
साखळी टाकून सांगायचे, कुणाचा बांध कुठे सरकला.
मी हवा मोजते.
माझ्याकडेही सातबारा आहे:
इतके मेगाहर्ट्झ विमानांचे, इतके टॅक्सीवाल्यांचे,
ही चिंचोळी पट्टी गॅरेजच्या दारांची, मोटारींच्या किल्ल्यांची,
हा मोठा तुकडा लिलावात गेला,
त्याच्या किमतीतली शून्यं मी अजून बोट ठेवून मोजते.

एकशे छपन्न दशांश आठ मात्र गायरान.
कुणाचंच नाही, म्हणजे बुडणाऱ्याचं.
तिथे हाक मारायची, उत्तर आलं की बाजूला व्हायचं.

मंगळवारी सव्वापाचला फोन आला:
सोळावर कुणीतरी चहाला आधण ठेवलंय.

न्यूकॅसलहून अ‍ॅम्बलच्या बंदराला पोचेस्तोवर
व्हॅनच्या स्पीकरात त्या माणसाचं सगळं घर.
पाणी उकळलं. चमचा फिरला, कपाच्या कडेला दोनदा वाजला.
खोकला. मग कुणाला तरी म्हणाला, सरक जरा.
कुत्रा असणार, कीरन म्हणाला.
बाहेर मासेमारीच्या होड्या निघायच्या वेळेला
सगळे गप्प बसून ऐकत होते,
कारण बोलायला जागाच नव्हती.
एक बटण दाबलेलं राहिलं की
एवढा मोठा समुद्र मुका होतो.

मग तो पत्र वाचायला लागला.
स्वतःच लिहिलेलं असावं, मध्येच थांबून शब्द बदलत होता.
प्रिय मॉरीन. नाही. मॉरीन.
छताबद्दल तू म्हणालीस ते खरं होतं.
छताबद्दल, आणि
(इथे खुर्ची करकरली)
आणि हे लिहायला मला सात वर्षं

कागद चुरगळल्याचा आवाज.
कोस्टगार्डची मुलगी फोनवर म्हणाली, लवकर पोचा.
पण, म्हणाली. आणि पुढे काहीच नाही.

टपावरच्या अँटेनाला लाज नसते.
ती म्हणाली पूर्व, जरा दक्षिण, आता सरळ,
आता इतकं जवळ की काटा टोकाला जाऊन थरथरत राहिला.
तिसरा धक्का. निळी होडी. रंगाचे पोपडे.

कायद्यात याला कलम आहे, दंड आहे, फॉर्मवर रकाना आहे.
आणखीही एक कलम आहे:
जे तुमच्यासाठी नव्हतं ते कानावर पडलं
तर पुढे सांगायचं नाही.
म्हणून मॉरीनचं नाव मॉरीन नाही,
आणि होडीही निळी नव्हती.

दार वाजवलं. ते स्पीकरातूनही वाजलं, माझंच,
अर्ध्या श्वासाने मागे.
सत्तरीचा माणूस, लोकरी टोपी, हाताला शाई.
माइक उशीखाली गेला होता, बटणावर उशीचा भार.
मी तो उचलला
आणि एकदम सगळा किनारा बोलायला लागला,
कुणी रेडिओ तपासतंय, कुणी लाटांची उंची सांगतंय,
एक म्हातारा आवाज नुसताच, झालं का, झालं का.

त्याला कळलं. कान आधी लाल झाले.
किती वेळ?
आत्ताच, मी म्हणाले. पाचेक मिनिटं.
फॉर्मवर लिहिलं: दोन तास पन्नास मिनिटं.
मजकूर या रकान्यात लिहिलं: घरगुती आवाज.
आजोबांनी असं कधी केलं असतं का, ठाऊक नाही.
त्यांची साखळी लोखंडाची होती.

होडीत कुत्रा नव्हता.
समोरच्या बाकावर एक जागा मोकळी होती, तिथे उन्हाचा चौकोन.

चहा घेता का, त्याने विचारलं. पाणी गरम आहे.
ते मला माहीत होतं.
मी बसले. चमचा
कपाच्या कडेला दोनदा वाजला.